आधी मैफल, मग स्पीकर: नागपुरातल्या नव्या श्रोत्यांसाठी

"ताई, 40 हजार साठवलेत. कोणते स्पीकर घेऊ?" ऑफिसात नव्याने आलेल्या एका मुलाने मध्यंतरी विचारलं. मी उलट विचारलं, "तंबोरा कधी जवळ बसून ऐकलास?" तो म्हणाला, "मोबाइलवर ॲप आहे ना." पैसे बँकेतच राहू दे म्हटलं आणि आषाढात त्याला एका गाण्याच्या क्लासच्या गुरुपौर्णिमेला घेऊन गेले. दोन महिन्यांनी त्याने स्पीकर घेतले, पण स्वतःच्या कानांनी पारखून. त्याला जे जे सांगितलं, ते इथे क्रमाने लिहिते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कान, मग खोली, मग स्पीकर, उरलेलं सगळं त्यानंतर. बहुतेक जण उलटे जातात आणि दर दोन वर्षांनी यंत्रं बदलत बसतात, कारण खरा आवाज कसा असतो याचं माप त्यांच्याजवळ नसतं. ते माप नागपुरात फुकट किंवा थोडक्या पैशांत मिळतं.

पहिली पायरी: सभागृहात जाऊन बसा

सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरातलं सायंटिफिक सभागृह आणि रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह ही तीन नावं लक्षात ठेवा. सुरेश भट सभागृह 2017 मध्ये सुरू झालं, सुमारे 2 हजार खुर्च्यांचं आहे. मोठ्या कार्यक्रमाला ते शोभतं, पण ख्याल ऐकायचा तर मला लहान जागाच आवडते. गाणाऱ्याचा चेहरा दिसला की आवाज अर्धा समजतो.

कार्यक्रम कळायला मराठी वर्तमानपत्रांतलं 'शहरात आज'सारखं सदर रोज चाळा. ठरलेल्या गोष्टी कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा: जुलैअखेर-ऑगस्टच्या सुमाराचा वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोह (वसंतराव 30 जुलै 1983 ला गेले), हिवाळ्याच्या तोंडावरचा कालिदास समारोह, आणि दिवाळी पहाट, पाडवा पहाट. स्मृती समारोहाच्या दिवसांत हमखास पाऊस असतो. छत्री घ्या, पण ओलं जर्किन मांडीवर घेऊन बसू नका. त्याची चुरचुर पुढच्या तीन रांगांना ऐकू जाते.

वसंतरावांचं नाव या गावात नुसतं इमारतीवर नाही. त्यांचं शिक्षण इथे शंकरराव सप्र्यांकडे झालं, आणि त्याच सप्र्यांकडे पुढे हिंदी सिनेमाचे मोठे संगीतकार झालेले सी. रामचंद्रही शिकले. एका गुरूच्या हाताखालून एक मैफलीत गेला, एक स्टुडिओत. शास्त्रीय ऐकणारा आणि सिनेमा बघणारा अशी वेगळी माणसं असतात असं कोणी म्हणालं की मला हे दोघे आठवतात.

कुठे बसायचं? पहिल्या रांगेत नाही. तिथे भिंतीएवढे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे बोलत असतात. बाल्कनीच्या छताखालीही नाही, तिथे आवाज दबतो. साउंडवाल्याचं टेबल शोधा, तो मिक्सर घेऊन बहुधा मध्यावर किंवा थोडा मागे बसलेला असतो. तो सगळा आवाज स्वतःच्या कानाला पटेल असाच लावणार, तेव्हा त्याच्या पुढच्या दोन-तीन रांगांत, मधोमध जागा धरा. मी वीस वर्षं हेच करते आहे.

वेळेच्या 15 मिनिटं आधी पोचा. तबला लागत असतो, तंबोरे मिळत असतात, तोही कार्यक्रमच. उठायचं झालं तर राग संपल्यावर उठा, आलाप चालू असताना नाही. आणि शक्यतो भैरवीपर्यंत, म्हणजे शेवटच्या गाण्यापर्यंत, थांबा. शेवटच्या बसची घाई असलेली माणसं द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग, सुरू होताच निघतात, पण गाणारा तोवर खऱ्या अर्थाने तापलेला असतो.

ताल मोजायला भिऊ नका. तीनताल 16 मात्रांचा, एकताल 12, झपताल 10, रूपक 7. सुरुवातीला फक्त मध्यलयीतला तीनताल घ्या आणि मांडीवर बोटं मोजा: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. नवव्या मात्रेनंतर डग्ग्याचा (डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याचा) घुमारा बंद होतो आणि तबला कोरडा वाजायला लागतो. हा फरक कानाने टिपता आला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार ते तुम्हाला आधीच कळायला लागतं. मग ती येते तेव्हा हात आपोआप उठतो, शेजारच्याचं बघून उचलावा लागत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात मोजत बसू नका, तालाचा एक फेरा, म्हणजे आवर्तन, मिनिटभर चालू शकतं. तिथे मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, येण्याची वाट बघा.

दुसरी पायरी: माइक नसलेली बैठक

सभागृहात तुम्ही जे ऐकता ते माइकमधून आणि स्पीकरमधून आलेलं असतं. म्हणजे तिथेही एक यंत्रणाच ऐकता, फक्त मोठी. खरं माप मिळतं ते विनामाइकच्या बैठकीत. अशी बैठक कुठे मिळेल? गुरुपौर्णिमेला. नागपुरात गाण्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि आषाढी पौर्णिमेच्या आसपास बहुतेक ठिकाणी शिष्य गुरूपुढे गातात. एखादी खोली, सतरंज्या, तीस-चाळीस माणसं. फोन करून "ऐकायला येऊ का?" विचारा. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. गाणारे शिकाऊ असतील, पण तंबोरा, तबला आणि माणसाचा गळा खरे असतात.

महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी त्या मुलाला मुद्दाम तंबोऱ्यापाशी बसवलं. वाजवणारी मुलगी 16-17 वर्षांची. खुंटी पिळून तार जवळपास आणली, मग खालचा मणी गव्हाच्या दाण्याएवढा सरकवला. पंचम, दोन जोडीच्या तारा, शेवटी खरजाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, जाड पितळी तार. सगळं सुरात होतं तरी आवाज मुका. मग तिने घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) दोरा चिमटीत धरला आणि तारेखालून केसभर पुढे ओढला. तोच तंबोरा एकदम बोलायला लागला. तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला घासत कंप पावते आणि त्या घासण्याने वरचे सगळे सूर उमलतात, त्यालाच जवारी उघडली म्हणतात. मी त्याला म्हटलं, डोळे मीट आणि खरजाच्या तारेकडे लक्ष दे, त्यात गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो का बघ. गंधाराची तार तंबोऱ्याला नसतेच. खरजाच्या पाचपट कंपनाचा सूर तारेतूनच उठतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्याला तो पाचव्या की सहाव्या फेरीला सापडला. "ताई, कोणी गातंय आत," एवढंच म्हणाला.

हा गंधार तुमचं माप. पुढे कोणत्याही दुकानात, कोणत्याही स्पीकरवर आधी तंबोरा ऐका. तो नुसता "भुंऽऽ" असा एकजीव गोळा वाटला तर स्पीकर बाद. चार तारा वेगळ्या आणि त्यांच्यावर तरंगणारा गंधार ऐकू आला तर पुढे बोला. पुरुष गायकाचा षड्ज (सा) काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, धरला तर साधारण 139 हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) येतो, खरज त्याच्या निम्म्याने, म्हणजे 69 च्या आसपास, आणि गंधार 347 ला. मोबाइलच्या स्पीकरला 69 हर्ट्झ काढताच येत नाहीत. त्यावरचा तंबोरा म्हणजे झाड नसलेली सावली.

त्याच बैठकीत आणखी काही कानात साठवून घ्या: तानेआधी घेतलेला श्वास, तबल्याच्या किनारीचा 'ना' आणि त्याहून आत वाजणारा 'तिं' यांतला फरक, डग्ग्यावर मनगट दाबत नेलेली मींड, पेटी गळ्याच्या किती मागे आहे ते. वहीत लिहिलंत तर उत्तमच.

तिसरी पायरी: खोली

पैसे अजूनही काढायचे नाहीत. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्र' असा धातूसारखा पडसाद आला तर तुमच्या भिंती समोरासमोर आवाज फेकत आहेत. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे होतंच: खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टर, वर स्लॅब. अशा खोलीत लाखाचा स्पीकरही कर्कश वाटतो.

उपाय घरातच आहे. तुमच्या आणि स्पीकरच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी घाला. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर फारच छान, कमी-जास्त उंचीची पुस्तकं आवाज विखुरतात. बाजूच्या भिंतींवर जिथून आवाज उडतो तिथे आजीची गोधडी टांगा. जागा शोधायला घरच्या कोणाला तरी भिंतीला लागून आरसा सरकवायला सांगा. तुम्ही ऐकायच्या जागी बसायचं, आणि आरशात स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलने फुली. चार-पाच थरांची जुनी गोधडी यासाठी बाजारातल्या पातळ फोमपेक्षा चांगली चालते, हे मी दोन्ही लावून पाहिलेलं आहे.

गोधडीने खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, मात्र आवरत नाही. 10 फुटी खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झला आवाज फुगतो, 12 फुटीत 47 ला. तेव्हा डग्गा घुमत राहत असेल तर कापड वाढवू नका, तुमची खुर्ची भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्या. एवढ्याने जो फरक पडतो तो बघून माणूस चकित होतो.

चौथी पायरी: खरेदी

आता पैसे. निम्मे किंवा थोडे जास्त स्पीकरला, उरलेल्यात ॲम्प्लिफायर, वायरींना जवळजवळ काही नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर 10-12 फुटांना पुरेशी आहे. महागड्या वायरीचे गुण मला इतक्या वर्षांत कानाने सापडले नाहीत, आणि मी मनापासून शोधले होते.

10 बाय 12 च्या खोलीला बुकशेल्फ, म्हणजे छोटे, स्पीकर घ्या, वूफर (खर्ज काढणारा मोठा गोल) 5 ते साडेसहा इंची. ख्यालाला एवढं पुरतं, कारण खरजाच्या खाली फारसं काही नसतंच. सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, सिनेमासाठी लागतो, तो नंतर बघू. ॲम्प किती वॉटचा? स्पीकरची संवेदनशीलता 87 डेसिबलच्या आसपास असेल तर घरगुती ऐकण्यात एक-दोन वॉटच चालू असतात. वॉट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला जवळपास दहापट वॉट लागतात. म्हणून 30-50 वॉटचा नीट बांधलेला ॲम्प भरपूर झाला. दुकानदार 200 वॉटचा आग्रह करेल, हात जोडा.

जुनं घेणार असाल तर वूफरच्या कडेची गोल पट्टी बघा. फोमची असेल तर बोटाने अगदी हलकं दाबा. नागपूरच्या उन्हाने ती पंधरा-वीस वर्षांत खारीसारखी भुगा होते. रबराची पट्टी टिकते.

दुकानात जाताना स्वतःची तीन रेकॉर्डिंग न्या: फक्त तंबोरा आणि आलाप असलेलं एक, तबल्याचं एकल वादन एक, आणि लहानपणापासून पाठ असलेलं एक गाणं. दुकानदाराची झगमगीत ट्रॅकं ऐकू नका, ती कुठेही चांगलीच वाजतात.

पाचवी पायरी: मांडणी

ही पायरी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. स्पीकर शोकेसमध्ये, एक इकडे एक फ्रिजवर, असं मी इतक्या घरांत पाहिलं आहे की वाईट वाटतं.

सुतळी, मेजपट्टी आणि खडू घ्या. दोन स्पीकरमध्ये 6 ते 7 फूट अंतर, आणि तुमच्या डोक्यापासून प्रत्येक स्पीकरपर्यंतही तेवढंच. म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. सुतळीचं एक टोक तुमच्या बसण्याच्या जागी कोणाला तरी धरायला द्या, दुसरं डाव्या स्पीकरला लावा, गाठ मारा आणि तीच सुतळी उजव्याला न्या. बोटभर फरक असला तरी सरकवा. मागची भिंत निदान दोन फूट लांब. कोपऱ्यात ठेवलात तर खर्ज फुगेल.

उंचीची गोष्ट आपल्याकडे वेगळी आहे. ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा गोल, कानाच्या पातळीला हवा. खुर्चीवर बसणाऱ्याचे कान जमिनीपासून साधारण 3 फुटांवर असतात, पण आपल्यातले कितीतरी जण गाणं ऐकायला खाली गादीवरच बसतात. मग 24 इंची स्टँड उंच पडतो. माझ्या घरी स्पीकर सागाच्या दोन बुटक्या पाटांवर आहेत, पुढच्या बाजूला पाचर लावून किंचित वर तोंड केलेले. आधी कसे बसणार ते ठरवा, मग स्टँड घ्या.

आता तपासा. एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा. मोनोत दोन्हीकडे एकच आवाज जातो, म्हणून गायक बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, बसलेला वाटला पाहिजे. तो डावीकडे झुकला तर सुतळी पुन्हा मोजा. तो कुठेच नाही, आवाज पसरट आणि खर्ज गायब, असं वाटलं तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. मी स्वतः एक अख्खा पावसाळा तशा उलट्या वायरीने ऐकला आणि दोष रेकॉर्डिंगला देत राहिले. वायर बदलली त्या संध्याकाळी गायक पहिल्यांदा खोलीत येऊन बसला. म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी करा.

आवाज किती ठेवायचा? मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲप मिळतं. 85 डेसिबलला रोज आठ तासांपेक्षा जास्त बसलात तर कानांना धोका, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. बैठकीतला गळा दहा फुटांवरून जसा ऐकू येतो तेवढाच घरी ठेवा.

सहावी पायरी: नागपूरचा उन्हाळा

पुण्या-मुंबईचे सल्ले इथे लागू पडत नाहीत, कारण त्यांना कूलर माहीत नाही. मार्च संपता संपता खिडक्यांत ताट्या लागतात आणि जूनपर्यंत घरात एकच सूर चालतो. त्या घरघरीत विलंबिताचा आलाप बुडून जातो. आवाज वाढवून कूलरवर मात करायला जाऊ नका, कान थकतात.

मी असं करते: संध्याकाळी तासभर आधी कूलर पूर्ण जोरात, खिडकी-दारं नीट उघडी, खोली गार. मग पंप आणि पंखा दोन्ही बंद, पडदे ओढायचे, छताचा पंखा एकवर. खोली 30-35 मिनिटं सुसह्य राहते. एक विलंबित आणि त्यामागचा द्रुत तेवढ्यात होतो. त्यानंतर कूलर पुन्हा लावा, पाणी प्या. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत यापेक्षा जास्त ऐकायचा हट्ट नको.

कूलर यंत्रांवर झोताने सोडायचा नाही. ओलाव्याने रेकॉर्डच्या कव्हरला बुरशी येते आणि जोडण्या काळवंडतात. ॲम्पवर चार बोटं मोकळी जागा ठेवा, वर काहीही ठेवू नका, देवाचा फोटोसुद्धा नाही. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश उष्णतेमागे साधारण निम्मं होतं आणि इथे खोलीच 38-40 वर असते.

तबकड्या ऐकणाऱ्यांनी हे वाचाच. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त असतो. एलपीचं पीव्हीसी 60-70 अंशांपुढे मऊ पडायला लागतं. सीताबर्डीवर घेतलेल्या दोन जुन्या एलपी मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून जेवायला गेले. तासाभराने आले तर दोन्हींच्या कडा पापडासारख्या वर आलेल्या. त्यातली एक पुन्हा मिळाली नाही. तेव्हापासून मी एप्रिल-मे-जूनमध्ये एलपी कापडी पिशवीत अंगाबरोबर वागवते. घरी त्या उभ्या ठेवा, आडव्या चळतीत नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीला नाही.

आणि वीज. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा, टीव्हीची केबल आणि इंटरनेटची वायरही काढा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. स्पीकरमधून सारखी 'हंऽऽ' अशी गुणगुण येत असेल तर बहुतेक वेळा मूळ अर्थिंगमध्येच असतं.

सातवी पायरी: काय लावायचं

यंत्र कोणतं यापेक्षा रेकॉर्डिंग कोणत्या काळातलं ते समजून ऐका. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून त्या काळच्या गायकांनी अख्खा राग तेवढ्यात कोंबला. ती घाई नव्हे, ती वेगळीच कला आहे. एलपीच्या एका बाजूला 20-22 मिनिटं आली आणि विलंबिताला श्वास मिळाला. सीडी 1982 पासून. नवख्याने एलपीपासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. सुई, काट्रिज, वजन, फोनो स्टेज, धूळ, या सगळ्यात पहिलं वर्ष ऐकण्याऐवजी यंत्र लावण्यात जातं.

स्ट्रीमिंगवर ऐकताना सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा: शफल बंद, क्रॉसफेड बंद, आवाज एकसारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद. क्रॉसफेड चालू असेल तर विलंबिताच्या शेवटच्या षड्जावर द्रुताचा तबला चढतो आणि मैफलीचा जीव जातो. आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी 2016 पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देते, मोबाइलवर फुकट मिळते. स्वयंपाक करताना ती लावून ठेवा.

आठवी पायरी: सिनेमा

सिनेमासाठी वेगळी यंत्रणा लगेच नको. टीव्ही दोन स्पीकरच्या मध्ये, थोडा मागे ठेवा आणि त्याचा आवाज ऑप्टिकल किंवा एचडीएमआयच्या एआरसी जोडणीतून ॲम्पला द्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आउटपुट 'पीसीएम' करा, नाहीतर काही ॲम्पना आवाजच समजत नाही. 5.1 मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात, पण दोन स्पीकर नीट मांडलेले असले तर पात्र पडद्याच्या मधूनच बोलतं. हाच मघाचा मोनोचा प्रयोग. धडाक्याचे सिनेमे आवडू लागले की सबवूफर आणा. 'पॉइंट वन' म्हणतात ती 120 हर्ट्झखालचीच वाहिनी आहे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्यांना आधी विचारून.

टीव्हीमधलं चित्र गुळगुळीत करणारं 'मोशन' सेटिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो आणि त्याची लय तीच आहे. यंत्राने मधली चित्रं घुसडली की चांगला कॅमेरामनही मालिकेसारखा दिसायला लागतो.

थिएटरात मात्र जायचंच. पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे, मधोमध. शेवटच्या रांगेत मागच्या भिंतीचा आवाज मिसळतो.

एक अभ्यास सांगते, नागपूरकराने करावा असा. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 साली आलं. लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेब वसंतराव. 2015 मध्ये त्याचा सिनेमा झाला आणि त्यात खाँसाहेबांचा गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. नाटकातलं एक पद जुन्या रेकॉर्डिंगमधून ऐका, मग तेच सिनेमात. जुन्यात गायक तुमच्यापासून किती लांब बसलाय? नव्यात आवाजाभोवती केवढा महाल बांधलाय? तबला मागे आहे की शेजारी? एका संध्याकाळी दोन्ही ऐकलंत की रेकॉर्डिंग करणाऱ्याचा हात ऐकू यायला लागतो, आणि तो एकदा ऐकू आला की सिनेमा वेगळाच दिसतो.

नववी पायरी: पहाट

इथले कार्यक्रम संध्याकाळचे. म्हणून यमन, पूरिया, बागेश्री आपल्या वाट्याला भरपूर येतात, आणि ललित, भैरव, तोडी मैफलीत क्वचित. दिवाळी पहाटेला एखादा सकाळचा राग मिळतो, मग पुन्हा भावगीतं. उघड्यावर रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद होतात, त्यामुळे दरबारीचीही तीच कथा. ही उणीव घरची यंत्रणा भरून काढते.

मे महिन्यात पाचला उठा. कूलर बंद करता येण्यासारखा तेवढाच वेळ असतो. रस्ता शांत, टाइल्स पायाला गार, विजेचा दाबही स्थिर. ललित लावा, दोन्ही मध्यम एकामागून एक येतात तिथे लक्ष द्या, आवाज एवढा कमी ठेवा की खिडकीतला कोकीळ त्याच्या बरोबरीने ऐकू येईल. मग सहाच्या सुमाराला भैरव.

तीन महिन्यांनी पुन्हा एका बैठकीला जा, माइक नसलेल्या. आलात की कपडे बदलण्याआधी, कानात ते ताजं असताना, घरचं तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावा आणि वही उघडा. गंधार कमी उघडतोय का? गळा जरा पुढे आलाय का? डावा स्पीकर दोन बोटं आत वळवा, गोधडीचं एक टोक दुमडा, पुन्हा ऐका. पटलं की खडूने जमिनीवर पाटाच्या चारी कोपऱ्यांना खुणा करा, म्हणजे सकाळी झाडताना पाट हलला तरी परत तिथेच बसेल.